टाकीखालचा गारवा

वऱ्हाडचा इतिहास म्हटला की आपण कापसावर बोलतो. आज कापसाला लागणाऱ्या पाण्यावर बोलू, पण शेतातल्या नव्हे, यंत्रातल्या.

यवतमाळ भागातला कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून सुटायचा, प्रेसमध्ये त्याच्या गाठी व्हायच्या आणि मग त्या मुंबईकडे निघायच्या. जिन-प्रेस वाफेवर चालायचे आणि गाठी नेणारी आपली शकुंतलाही वाफेवरच. किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली ही अडीच फुटी लाइन, यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर. मँचेस्टरला 1921 साली बांधलेलं तिचं इंजिन 1994 पर्यंत धावलं! इंजिन कोळसा खातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी मात्र ते त्याच्या कितीतरी पट पितं, हे आपण विसरतो. म्हणून जिथे वाफ तिथे उंचावर टाकी. पंप बंद पडला तरी पाणी आपल्या वजनाने खाली आलं पाहिजे. कापसाच्या कारखान्यात आगीची धास्ती, ती वेगळीच.

पुढे डिझेल आलं, वीज आली आणि अशा टाक्यांचं काम संपलं. मग त्यांचं करायचं काय?

युरोपात यावर बराच विचार झालाय. जर्मनीत कोलोन शहरात 1872 चा विटांचा जलमनोरा आहे, त्यात 1990 पासून हॉटेल चालतं. कोपनहेगनजवळ येगर्सबोर्गच्या टाकीखाली 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या झाल्या, बाहेर डोकावणाऱ्या काचेच्या खिडक्यांसकट. तिथे ते बरोबरच आहे, कारण त्यांना ऊन घरात हवं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. तीच काच इथे लावली तर भट्टी होईल, आणि मग एसी लावून त्यालाच ‘हरित इमारत’ म्हणायचं!

आपला नमुना जवळचाच आहे, औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. डोंगराकडून नहरीने आणलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं. लोक चक्की पाहतात आणि परत फिरतात. पण त्या हौदाच्या खाली एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ म्हणजेच त्याचं छत, जाड खांबांवर तोललेलं. यात्रेकरूंनी भर उन्हाळ्यात तिथे आसरा घ्यायचा. वर पाणी, खाली माणसं. आमच्या मते जुन्या टाकीच्या पुनर्वापराचा धडा इथे आहे, कोलोनला नाही.

आता थोडा हिशेब करू. 50 हजार लिटरची टाकी म्हणजे 50 टन पाणी. ते पेलण्यासाठी खांब आणि पाया मुळातच भक्कम केलेले असतात. त्या खांबांमध्ये वाचनालय किंवा कार्यालय बसवायचं आणि टाकी रिकामी करायची नाही. एवढं पाणी एका अंशाने तापायला सुमारे 58 युनिट उष्णता लागते. दिवसभर ती खालच्या खोल्यांतून शोषायची, रात्री आकाशाकडे सोडायची. त्यासाठी पाणी खालच्या छतातल्या नळ्यांतून फिरवावं लागेल, पण तेवढ्याला छोटा पंप पुरतो. टाकीवर सौर पॅनेलची सावली केली की पंपाची वीजही तिथेच निघते.

इथे कोणीही विचारेल की निळोणा आणि चापडोहकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरात हे पाणी आणायचं कुठून? रास्त प्रश्न आहे. कूलरमध्ये पाणी उडून जातं, रोज नवं लागतं. इथे झाकलेलं तेच पाणी फिरत राहतं. यवतमाळला वर्षाला साधारण 900 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे 100 चौरस मीटर छतावर जवळजवळ 90 हजार लिटर. एका पावसाळ्यात टाकी भरते.

अडचण गंजाची आहे. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा लवकर कुजते असं नाही, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. काँक्रीटमधली सळई फुगली, पत्रा आतून खाल्ला गेला, तर वरचा सगळा हिशेब फुकट. त्यामुळे आधी पायाची आणि खांबांची तपासणी, नकाशा नंतर.

आणि वेळ फार नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा–कळंब ब्रॉडगेज सुरू झाली, तीच लाइन पुढे यवतमाळला यायची आहे. शकुंतलेच्या रुंदीकरणाचीही चर्चा चालूच असते. अशा कामांत जुनी बांधकामं पाडण्याचं एक वेगळं कलम निविदेत असतं, आणि लोखंडी टाकी तेव्हा भंगारात किलोच्या भावाने जाते. आपल्या गावात, स्टेशनच्या आवारात किंवा बंद जिनमध्ये अशी टाकी उभी असेल, तर तिची उंची, घेर, खांबांची संख्या आणि मालकी कोणाची, एवढं लिहून आणा. पुढच्या वेळी त्या नोंदींपासूनच सुरुवात करू.