दृष्टी आणि श्रवण (परभणी)

प्रकाश, रंग आणि ध्वनी यांची जाणीव डोळा व कान मेंदूच्या जोडीने करून देतात. ही इंद्रिये मोजपट्टीसारखी मोजत नाहीत, तुलना करतात: शेजारच्या वस्तूशी आणि क्षणापूर्वीच्या अनुभवाशी. परभणी जिल्ह्यातल्या गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या काठच्या रानांत याची उदाहरणे पावलोपावली सापडतात.

गावाची जमीनच मुळी दोन रंगांत वाटलेली असते. पिकवायची ती काळी आणि घरे उभी राहतात ती पांढरी. पांढरीची मूठभर माती मृदाशास्त्रज्ञांच्या मन्सेल तक्त्यावर ठेवली, तर ती राखाडी किंवा फिकट तपकिरी निघते. ती पांढरी ठरते ती काळीच्या शेजारी. काळीसुद्धा कोरडी असताना गडद करडीच असते. पहिला पाऊस पडला की कणांभोवती पाण्याचा थर बसतो, प्रकाश आतल्या आत जिरतो आणि तीच जमीन काळीभोर दिसते. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी ही नावे ठेवली, त्यांनी डोळ्याचा स्वभाव अचूक ओळखला होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कार्तिकात, वेचणीला आलेल्या कापसाच्या रानात, हाच स्वभाव आकड्यांतही पडताळता येतो. स्वच्छ दुपारी उजेड ८०,००० लक्सच्या पुढे असतो. काळी माती त्यातला दहावा हिस्साही परत पाठवत नाही, कापूस पाऊण हिस्स्याच्या आसपास पाठवतो. दिवस मावळताना उजेड ४०० लक्सपर्यंत उतरतो. हिशोब केला तर दुपारच्या मातीकडून डोळ्यात येणारा प्रकाश सांजेच्या कापसाकडून येणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे वीसपट भरतो. तरीही माती दुपारी काळीच दिसते आणि कापूस सांजेलाही पांढराच. दृष्टिपटलाला किती प्रकाश पोचला यापेक्षा आजूबाजूच्या मानाने किती पोचला, याला मेंदू अधिक महत्त्व देतो.

रंग ओळखण्याचे काम दृष्टिपटलातल्या शंक्वाकार पेशींचे. एका डोळ्यात त्या सुमारे ६० लाख असतात आणि त्यांचे तीन प्रकार आहेत. त्यांची संवेदनशीलता अनुक्रमे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. या तिघींच्या प्रतिसादांच्या तुलनेतून रंग ठरतो. कपाशीवर लाल्या आला, की पानातले हरितद्रव्य कमी होऊन अँथोसायनिन हे तांबडे रंगद्रव्य वाढते. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडणे आणि रात्री गार होणे ही त्याची नेहमीची कारणे. डोळ्याला हा बदल पानाच्या कडेवर आधी दिसतो. ज्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्याला मात्र तो बराच उशिरा जाणवतो. हा दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांमुळे येतो, म्हणून पुरुषांत जास्त आढळतो. शेतकऱ्यांमध्ये त्याची तपासणी क्वचितच होते, व्हायला हवी. परभणी आणि पूर्णा या जंक्शनांतून गाडी नेणाऱ्या लोको पायलटांची रंगदृष्टी मात्र नोकरीत घेतानाच तपासली जाते. त्यासाठी जगभर रूढ असलेले ठिपक्यांचे तक्ते शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले.

लाल्याची पाहणी दिवेलागणीला करू नये. उजेड कमी झाला की दंडाकार पेशी काम हाती घेतात. त्यांना रंग कळत नाही, आणि त्यांची संवेदनशीलता ५०० नॅनोमीटरजवळ, म्हणजे निळसर-हिरव्या प्रकाशात, सर्वाधिक असते. त्यामुळे तांबडी पाने झपाट्याने काळी पडत जातात, हिरवी मात्र बराच वेळ उजळ राहतात. यान पुर्किन्ये यांनी हा बदल १८१९ च्या सुमारास टिपला. अंधाराला पुरते सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो. माळ्यावर राखणीला बसलेल्याने एकदा बॅटरी डोळ्यांवर घेतली, की हा सराव बहुतांशी वाया जातो.

रात्रीच्या राखणीत खरी भिस्त कानावर असते. एका बाजूने आलेला आवाज दोन कानांना फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतक्या अंतराने पोचतो. तेवढ्यावरून रानडुकराची दिशा कळते. परभणीच्या कडाक्याच्या थंडीत लांबच्या गाडीची शिट्टी अगदी जवळून आल्यासारखी वाटते. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो.

कानाच्या पडद्याची थरथर हातोडा, ऐरण, रिकीब या तीन हाडांतून कर्णावर्तात जाते. तिथल्या पटलाचा वेगळा भाग वेगळ्या स्वराला हलतो, हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले. त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले. ही हालचाल टिपणाऱ्या, एका कानातल्या सुमारे १५,००० केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मळणीयंत्रावर दिवसभर राबणाऱ्याने कानाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, चांगले कानबोळे हवेत.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. इथल्या भजनात पखवाज हवाच. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून ढोलाला ठाम सूर नसतो. पखवाजाच्या उजव्या पुडीवरची शाई, म्हणजे काळा लेप, मधला भाग जड करते आणि हे उपस्वर पूर्ण पटींच्या जवळ आणून बसवते; कान त्यांचा एकच सूर करून घेतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी यावर १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात टिपण प्रसिद्ध केले आणि पुढे १९६८ मध्ये डोळ्याच्या कार्यावरही ग्रंथ लिहिला. डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावतात. भजनापूर्वी वादक थाप मारतो, मान कलती करून ऐकतो, चिमूटभर कणीक काढतो, बोट ओले करून उरलेली पसरवतो आणि पुन्हा थाप मारतो.