बँड-मेटाडेटा, भारतीय उपग्रह-प्रतिमांतील

उपग्रहावरील कॅमेरा वर्णपटाचे जे पट्टे वेगवेगळे टिपतो त्यांना बँड म्हणतात. प्रत्येक बँडची ओळख प्रतिमेच्या फाइलसोबत नोंदवण्याची पद्धत म्हणजे बँड-मेटाडेटा. बँडचा क्रमांक, तरंगलांबीच्या सीमा, मध्य तरंगलांबी, पट्ट्याची रुंदी आणि फाइलमधल्या आकड्यांवरून प्रारण काढण्याचे गुणांक या त्यातल्या मुख्य बाबी. यांपैकी क्रमांक सर्वांत आधी डोळ्यांत भरतो आणि सर्वांत कमी सांगतो.

बंगळुरूच्या इस्रो उपग्रह केंद्रात (२०१८ पासून यू. आर. राव उपग्रह केंद्र) घडलेला आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सोडण्यात आला. त्याच्या लिस-१ आणि लिस-२ कॅमेऱ्यांना चार बँड होते : निळा ०.४५–०.५२, हिरवा ०.५२–०.५९, लाल ०.६२–०.६८ आणि निकट अवरक्त ०.७७–०.८६ मायक्रोमीटर. २८ डिसेंबर १९९५ रोजी गेलेल्या आयआरएस-१सी वरील लिस-३ मध्ये निळा वगळला गेला आणि १.५५–१.७० मायक्रोमीटरचा लघुतरंग अवरक्त बँड आला. उरलेल्या तिघांचे जुने क्रमांक मात्र तसेच राहिले. परिणामी लिस-३ चे बँड २, ३, ४, ५ असे आहेत. त्यात बँड १ नाहीच. नंतरच्या रिसोर्ससॅट उपग्रह-मालिकेतही हीच परंपरा चालू आहे, आणि तिच्यातील लिस-४ कॅमेऱ्याला तर २, ३, ४ एवढेच बँड आहेत.

जुन्या-नव्या प्रतिमा शेजारी ठेवणाऱ्याला ही सोय आहे. घोटाळा होतो तो संगणकावर. सुट्ट्या बँडच्या फाइली एकत्र करून एकच थर-फाइल बनवली, की सॉफ्टवेअर आपले क्रमांक १ पासून टाकते. मग पडद्यावरचा ‘बँड १’ हा प्रत्यक्षात मूळचा बँड २ (बी२) म्हणजे हिरवा, आणि ‘बँड ३’ हा बी४ म्हणजे निकट अवरक्त. थराच्या वर्णनात मूळ नाव लिहिले नसेल, तर फाइल दुसऱ्याच्या हाती गेल्यावर हा उलगडा होण्याची शक्यता फार थोडी.

परदेशी उपग्रह सोबत घेतले की गोंधळ वाढतो. लँडसॅटच्या जुन्या थीमॅटिक मॅपरचे २ ते ५ हे बँड लिस-३ शी बरेचसे जुळत. २०१३ मधील लँडसॅट-८ वर निकट अवरक्त बँड ५ झाला, तर सेंटिनेल-२ वर तो बँड ८ आहे. या दोन्हींवर बँड ४ लाल आणि बँड ३ हिरवा. वनस्पती निर्देशांक (एनडीव्हीआय) काढताना लिस-३ साठी बी४ व बी३ यांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागतात. हेच सूत्र सेंटिनेल-२ ला जसेच्या तसे लावले तर लालातून हिरवा वजा होतो, आणि कोल्हापूरकडचा भरघोस ऊसही ऋण आकडा दाखवून उजाड ठरतो. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. नकाशा रीतसर तयार होतो.

रिसोर्ससॅटच्या जिओटिफ संचात प्रत्येक बँडची फाइल वेगळी असते आणि सोबत ‘बँड_मेटा’ नावाची साधी मजकूर-फाइल येते. तीत उपग्रह, कॅमेरा, तारीख, सूर्याची उंची, बँड-क्रमांक आणि प्रत्येक बँडचे कमाल-किमान प्रारण असते. ही फाइल फेकून फक्त चित्रे जपणारे पुष्कळ आहेत, आणि ते महाग पडते. रिसोर्ससॅट-२ (२०११) वर लिस-३ चे आकडे १० बिटांचे, तर त्यावरच्याच एविफ्स कॅमेऱ्याचे १२ बिटांचे आहेत. एका कॅमेऱ्याचा १००० दुसऱ्याच्या १००० शी जुळत नाही. रिसोर्ससॅट-१ वरील लिस-४ एकरंगी पद्धतीत तिन्हींपैकी कोणताही एक बँड, बहुधा बी३, टिपत असे. तो कोणता हे चित्राकडे पाहून ठरवणे धोक्याचे.

इन्सॅट-३डी (२०१३) या हवामान उपग्रहाच्या एचडीएफ-५ फाइलींत क्रमांकाऐवजी व्हीआयएस (दृश्य), एमआयआर (मध्य अवरक्त), टीआयआर-१ (औष्णिक अवरक्त) अशी नावे आहेत. ही पद्धत जास्त शहाणपणाची. स्टॅक या आंतरराष्ट्रीय संकेतातही ‘रेड’, ‘एनआयआर’, ‘एसडब्ल्यूआयआर१६’ अशी सामाईक नावे आणि मध्य तरंगलांबी, पूर्ण रुंदी असे रकाने आहेत. ‘एसडब्ल्यूआयआर१६’ मधला १६ हा बँड-क्रमांक नसून १.६ मायक्रोमीटर सांगतो. हवामान क्षेत्रातील सीएफ संकेतांतही बँडची मध्य तरंगलांबी नोंदवण्यासाठी प्रमाणित नाव आहे. मूळ टिफ स्वरूपात मात्र तरंगलांबीसाठी जागाच नव्हती. जीडॅलसारख्या साधनांनी ती जोडीच्या टॅगमध्ये करून दिली.

अनेक अरुंद, सलग बँड टिपणाऱ्या अतिवर्णपटीय उपकरणांत क्रमांकावर भिस्त ठेवणे अशक्यच होते. याचे उदाहरण चांद्र मोहिमांचे; त्यांची विदा बंगळुरूजवळच्या ब्याललू येथील भारतीय अवकाश विज्ञान विदा केंद्रात (आयएसएसडीसी) साठवली जाते. चांद्रयान-१ (२००८) वरील हायसी उपकरणाला सलग ६४ बँड होते. चांद्रयान-२ (२०१९) वरील आयआयआरएसचे सुमारे २५० बँड ०.८ ते ५ मायक्रोमीटर व्यापतात. आयआयआरएसची विदा पीडीएस-४ या ग्रहविज्ञानातील प्रमाण स्वरूपात लेबल-फाइलीसह मिळते. चंद्रपृष्ठावरील हायड्रॉक्सिल व पाणी यांची खूण ३ मायक्रोमीटरच्या आसपास उमटते. चांद्रयान-१ वरील नासाच्या एम-३ उपकरणाने २००९ मध्ये ती दाखवली, पण त्याची कक्षा ३ मायक्रोमीटरवरच संपत होती. तिथे पृष्ठभागाची स्वतःची उष्णताही मिसळू लागते. आयआयआरएस ५ पर्यंत पोहोचत असल्याने हा उष्णतेचा भाग मोजून वेगळा करता येतो, मात्र त्यासाठी प्रत्येक बँडची तरंगलांबी बिनचूक नोंदलेली असावी लागते.