तसबीर

टाचणीने भिंतीस लावायच्या रूपसुंदरीच्या चित्रास, त्या टाचणीवरूनच, इंग्रजीत 'पिनअप' हे नाव पडले व दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या बराकींतून ते जगभर रूढ झाले. आपल्याकडे मात्र अशा चित्राची नोंद खिळ्याच्या खाती, आणि नाव 'तसबीर'. मूळ अरबी 'तस्वीर', म्हणजे आकार देणे. फारसीच्या वाटेने ती मराठीच्या दप्तरी दाखल झाली, तेव्हा 'व'चा 'ब' झाला. 'सुरत' ही तिची सख्खी बहीण, धातू एकच.

१८९४ साली घाटकोपरास राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना निघाल्यावर लक्ष्मी-सरस्वतींसमवेत रंभा-मेनकाही घरोघर खिळ्यावर चढल्या. पुढे दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'च्या मुखपृष्ठांनी आणि रघुवीर मुळगावकरांच्या दिनदर्शिकांनी तोच खिळा बळकावला, आणि देवी कोठे संपते व सुंदरी कोठे सुरू होते याचा निवाडा (त्यांच्या मोहिनीचे मर्म, माझ्या मते, येथेच आहे) पाहणाऱ्यावर सोपवला.

टांगायच्या या तसबिरींच्या उलट, जव्हार-मोखाड्याच्या वारली घरांत लग्नप्रसंगी सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक काढतात. तेथे ना खिळा, ना टाचणी, आणि क्रियापदही निराळे: चौक 'लिहितात'.