अभिभाषणप्रसंगीचा निषेध

संसदेत राष्ट्रपतींचे आणि राज्य विधिमंडळात राज्यपालांचे अभिभाषण चालू असताना सदस्यांनी घोषणा, फलक, काळ्या फिती किंवा सभात्याग या मार्गांनी व्यक्त केलेला विरोध. संविधानाच्या अनुच्छेद 87 व 176 अन्वये सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या प्रारंभी हे अभिभाषण होते. मूळ तरतुदीत ते प्रत्येक अधिवेशनाला आवश्यक होते, ती अट 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने शिथिल झाली. भाषणाचा मसुदा मंत्रिमंडळ ठरवते आणि घटनात्मक प्रमुख तो केवळ वाचतो, त्यामुळे सरकारवरचा रोष वाचणाऱ्यावर निघतो, ही या प्रसंगाची मूळ अडचण आहे. शिवाय ही सभागृहाची नियमित बैठक नसल्याने तीत हरकतीचा मुद्दा, म्हणजे नियमभंगाकडे लक्ष वेधणारा आक्षेप, मांडता येत नाही.

18 फेब्रुवारी 1963 रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी इंग्रजीतून अभिभाषण सुरू करताच काही सदस्यांनी हिंदीचा आग्रह धरून व्यत्यय आणला व सभात्याग केला. लोकसभेच्या समितीने या वर्तनाची चौकशी केली आणि संबंधितांना सभागृहात समज देण्यात आली. पश्चिम बंगालमध्ये पद्मजा नायडू राज्यपाल असताना गोंधळामुळे भाषण वाचता न आल्याने त्याची प्रत पटलावर ठेवली गेली. कलकत्ता उच्च न्यायालयाने ही कार्यपद्धतीतील अनियमितता मानली, पण त्यामुळे अधिवेशन अवैध ठरवले नाही.

महाराष्ट्रात 3 मार्च 2022 रोजी उलटा प्रकार घडला. छत्रपती शिवाजी महाराज आणि समर्थ रामदास यांच्यासंबंधी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी केलेल्या विधानावरून खुद्द सत्ताधारी आघाडीच्या सदस्यांनी घोषणा दिल्या, विरोधी बाकांवरून मंत्री नवाब मलिक यांच्या राजीनाम्याची मागणी होत राहिली, आणि राज्यपाल भाषण आटोपते घेऊन राष्ट्रगीत होण्यापूर्वीच सभागृहाबाहेर पडले. मंत्रिमंडळाने स्वतःच लिहून दिलेले भाषण त्याच मंत्रिमंडळाच्या पाठीराख्यांनी वाचू न देणे, हे निषेधाचे रूप म्हणून असमर्थनीयच म्हणावे लागते. राज्यपालांनाही शिस्तीचे बंधन तितकेच लागू होते: पश्चिम बंगालचे राज्यपाल धर्मवीर यांनी 1969 मध्ये आपल्याच निर्णयावर टीका करणारे परिच्छेद गाळले, तर तामिळनाडूत 9 जानेवारी 2023 रोजी आर. एन. रवी यांनी मजकुरातील काही उल्लेख वगळले आणि छापील भाषणच नोंदीवर घेण्याचा ठराव मुख्यमंत्र्यांनी मांडताच ते निघून गेले.

विरोधाचे नियमबद्ध स्थान अभिभाषणानंतरच्या आभार प्रदर्शनाच्या प्रस्तावावरील चर्चेत आहे. तेथे कोणत्याही सदस्याला दुरुस्ती सुचवता येते आणि ती मंजूर झाल्यास सरकारची नामुष्की घोषणाबाजीपेक्षा कितीतरी मोठी असते; 2015 मध्ये भ्रष्टाचार व काळ्या पैशावरील आणि 2016 मध्ये पंचायत निवडणूक लढवण्याच्या हक्कावरील दुरुस्ती राज्यसभेने सरकारचा विरोध डावलून स्वीकारली.