ऐपत म्हणजे नक्की काय?

गेल्या शनिवारी एक जुना सहकारी घरी आला. घटस्फोट झालेला, सात वर्षांची मुलगी आईकडे. चार महिन्यांपूर्वी कंपनीने त्याला नारळ दिला. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "अरे, पगारच नाही तर पोटगी कुठून देऊ? कोर्टाला एवढं कळत नाही का?"

मी काही वकील नाही. पण रविवार मोकळा होता, म्हणून बसलो वाचत. प्रश्न चांगला दीडशे वर्षांहून जुना निघाला.

इंग्रजांनी १८६१ साली इथली पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता केली. तिच्या ३१६ व्या कलमात पोटगी आहे. बायकापोरांचा खर्च आणि तो चोर-दरोडेखोरांच्या कायद्यात? कारण सरकारला कुणाच्या संसाराची काळजी नव्हती. टाकून दिलेली बायकामुलं रस्त्यावर येऊ नयेत, एवढंच पाहायचं होतं. १८७२ ची संहिता करणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे कलम भटकेगिरी रोखण्याचा उपाय म्हणूनच बघत असे.

त्या कलमात एक अट होती. माणसाकडे 'पुरेशी ऐपत' असली पाहिजे आणि तरी तो बायकोला किंवा मुलाला (औरस असो की अनौरस) सांभाळत नसला पाहिजे. पुढे हे कलम १८८२ मध्ये ४८८ झालं, १९७३ मध्ये १२५ झालं आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झालं. नंबर बदलत गेले, ऐपतीची अट तशीच राहिली.

रकमेची गोष्ट मात्र आमच्या धंद्यातल्या लोकांना ओळखीची वाटेल. १८६१ मध्ये कमाल मर्यादा महिना ५० रुपये. १९२३ मध्ये १००, १९५५ मध्ये ५००. आणि मग कुणीतरी कोडमध्ये आकडा ठोकून नोकरी सोडून जावं, तसा तो ५०० तिथेच पडून राहिला! महाराष्ट्राने १९९९ मध्ये आपल्यापुरता १५०० केला आणि २००१ मध्ये संसदेने मर्यादाच काढून टाकली. मधल्या काळात आणखी एक वाद झाला. कायद्यात 'एकूण ५००' असं लिहिलं होतं, म्हणजे बायको आणि सगळी मुलं मिळून ५०० की प्रत्येकी? १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 'प्रत्येकी' असा अर्थ लावला. एका शब्दाच्या कंसाने किती घरांचं रेशन ठरत असेल, विचार करा.

असो. मुद्दा बेकारीचा. ऐपत म्हणजे खिशात आज असलेले पैसे, असं धरलं तर मित्राचं बरोबर. पण कोर्टांनी तसं धरलं नाही. दिल्ली हायकोर्टाने १९६८ मध्ये म्हटलं की धडधाकट तरुण माणूस कमावू शकतो असंच गृहीत धरायचं, तसं नसेल तर ते त्याने सिद्ध करायचं. खरं उत्पन्न त्यालाच ठाऊक असतं, मग तो दडवत असेल तर अंदाज त्याच्या विरुद्ध जाणार. मला हे आधी अन्यायाचं वाटलं. पण दावा लागला की राजीनामा देणारे महाभागही असतातच, आणि आईने ते शोधायचं कसं?

२०२० साली नागपूरहून एक खटला सुप्रीम कोर्टात गेला. नवरा म्हणत होता, आखाती देशांत कामं मिळेनात, वडिलांकडून उसने घेतलेलेही संपले. कोर्टाने मुलाची महिना १०,००० ची पोटगी कायम ठेवली. शिवाय देशभरच्या पोटगीच्या खटल्यांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं असा नियम घालून दिला. २०२२ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने, धंदा बंद पडला म्हणणाऱ्या एका बापाला, शरीर धडधाकट असेल तर अंगमेहनत करून कमव, असं सुनावलं.

मला टोचतं ते पुढचं. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि १९८८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार तुरुंगात जाऊन आल्याने बाकी फिटत नाही. ज्याने पैसे लपवलेत त्याला हा धाक ठीक आहे. पण ज्याची नोकरी खरंच गेलीय, तो आत बसून नोकरी शोधणार कशी? पोरीच्या फीचं काय? कायद्यात त्यासाठी फटी आहेत. एक म्हणजे 'पुरेसं कारण' नसतानाच कैद. दुसरी म्हणजे परिस्थिती बदलली तर रक्कम बदलून मागता येते (पूर्वी कलम १२७, आता १४६). मात्र अर्ज करायला लागतो. आपणच ठरवून पैसे बंद केले की बाकी वाढत जाते.

मित्राला फोन करून हे सांगितलं. त्याने चार महिन्यांत ना अर्ज केला होता, ना एक पैसा पाठवला होता. प्रतिज्ञापत्रात काय काय येतं ते वाचून दाखवलं : बँक खाती, घरभाडं, गुंतवणूक, गाड्या. गुंतवणूक म्हटल्यावर तो जरा गप्प झाला.

मग म्हणाला, "म्युच्युअल फंडपण लिहायचे?"

म्हटलं, "सगळे. आणि अर्ज उद्याच कर. त्याआधी जमतील तेवढे पाठव."

"बघतो," म्हणाला.