पहिल्या पावलाचा नियम

युरोपीय संघात आश्रय मागणाऱ्याचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा, हे ठरवणारा नियम डब्लिनच्या नावाने ओळखला जातो. त्याचं मूळ मात्र शेंगेनमध्ये आहे. लक्झेंबर्गमधल्या या गावी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. मग आत आलेल्या निर्वासिताची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आला. त्याचं उत्तर १५ जून १९९० रोजी डब्लिनमध्ये लिहिलं गेलं. करारात जवळच्या नातेवाइकांचा आणि आधी मिळालेल्या व्हिसाचा विचार होता. पण चोरवाटेने येणाऱ्याकडे बहुधा यातलं काहीच नसे. त्याने ज्या देशातून प्रवेश केला, तोच देश जबाबदार. म्हणजे हा नियम जन्मला तो सीमा खुल्या करण्याची अट म्हणून. भार न्याय्य वाटून घेण्याचा हेतू त्यात नव्हताच, आणि पुढची सगळी ओढाताण त्यातूनच आली, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं पाऊल कुठे पडलं याचा पुरावा हवा, म्हणून २००३ मध्ये ‘युरोडॅक’ ही बोटांच्या ठशांची नोंदणी सुरू झाली. ठसा इटलीत वा ग्रीसमध्ये उमटला की माणूस तिथेच परत पाठवला जाणार. म्हणून फ्रान्समधल्या कॅलेत काहींनी तापलेल्या धातूवर स्वतःच्या बोटांची टोकं जाळून घेतली. २०११ मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने एका अफगाण माणसाला ग्रीसला परत धाडल्याबद्दल बेल्जियमलाही दोषी धरलं, कारण ग्रीसमधले हाल सर्वांना ठाऊक होते. २०१५ मध्ये इटली आणि ग्रीसचा भार हलका करण्यासाठी १,६०,००० जणांना इतर देशांत हलवायचं ठरलं. प्रत्यक्षात हलवले गेले सुमारे ३५,०००.

नियम नसेल तर सगळे दोन-तीन श्रीमंत देशांतच जातील, किंवा कुणीच अर्ज हाती घेणार नाही, हा आक्षेप पोकळ नाही. पण मार्च २०२२ मध्ये संघाने युक्रेनमधून आलेल्यांसाठी २००१ चा तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा प्रथमच वापरला आणि देश निवडायची मोकळीक दिली. चाळीस लाखांहून अधिक माणसं सामावली गेली. जर्मनी आणि पोलंडवर भार जास्त पडला हे खरंच, पण २०१५ चा वाटा नाकारणाऱ्यांत पोलंडही होता. युक्रेनचे लोक शेजारी, शिवाय व्हिसाविना येऊ शकणारे, असंही म्हटलं जाईल. त्यावरून सहानुभूती कुठून आली ते कळतं. पण एवढ्यांची सोय लावणं अशक्य आहे, हा दावा त्यानंतर टिकत नाही. तरीही २०२४ च्या नव्या करारात पहिल्या प्रवेशाचा निकष राहिलाच. इतर देशांनी माणसं घ्यावीत, किंवा दरडोई २०,००० युरो द्यावेत, किंवा अन्य मदत करावी, एवढी तडजोड झाली. आणि बोटांचे ठसे घेण्याचं वय चौदावरून सहावर आलं.