थँक्सगिव्हिंग स्वयंपाक हेल्पलाइन

थँक्सगिव्हिंग स्वयंपाक हेल्पलाइन म्हणजे अमेरिकेत थँक्सगिव्हिंग या सणाचे भोजन घरी रांधणाऱ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या सेवा होत. त्यांपैकी बटरबॉल या टर्की-उत्पादक कंपनीची 'टर्की टॉक-लाइन' (स्थापना इ.स. १९८१) आणि अमेरिकेच्या कृषी विभागाची 'मीट अँड पोल्ट्री हॉटलाइन' (स्थापना इ.स. १९८५) या विशेष परिचित आहेत. स्वयंपाक वेळेवर व्हावा आणि जेवणाऱ्यांना अन्नविषबाधा होऊ नये, असा या सल्ल्याचा दुहेरी हेतू असतो.

पार्श्वभूमी

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी साजरा होणारा कृतज्ञतेचा सण आहे. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी इ.स. १८६३ मध्ये तो राष्ट्रीय पातळीवर पाळण्याची घोषणा केली. चौथ्या गुरुवारची निश्चिती इ.स. १९४१ च्या कायद्याने झाली. अखंड भाजलेला टर्की पक्षी, पावाचे सारण, कुस्करलेले बटाटे, ग्रेव्ही, क्रॅनबेरीची चटणी आणि भोपळ्याचा पाय हे या भोजनातील रूढ पदार्थ होत.

टर्की हा कोंबडीपेक्षा बराच मोठा पक्षी असून सणासाठी आणलेल्या पक्ष्याचे वजन अनेकदा ५ ते ९ किलोग्रॅम असते. तो बहुधा गोठवलेल्या स्थितीत विकत मिळतो. अनेक घरांत अखंड टर्की वर्षातून एकदाच शिजतो, त्यामुळे हाताला सराव राहत नाही. त्यातच एका ओव्हनमध्ये अनेक पदार्थ एका ठरलेल्या वेळेसाठी तयार करावयाचे असतात. चूक सणाच्या सकाळी लक्षात आली तर पाहुणे वाटेत असतात आणि बरीच दुकाने बंद असतात. प्रथमच यजमानपद स्वीकारणाऱ्याच्या घरी मार्गदर्शनासाठी अनुभवी वडीलधारे माणूस असतेच असे नाही. ही उणीव हेल्पलाइन भरून काढते.

इतिहास

घरगुती स्वयंपाकास संस्थात्मक मार्गदर्शन देण्याची परंपरा अमेरिकेत या हेल्पलाइनींहून जुनी आहे. इ.स. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कृषी विद्यापीठांशी संलग्न विस्तार सेवा उभी राहिली. तिच्यातील गृहविज्ञान शिक्षिका खेड्यापाड्यांत जाऊन अन्न टिकवण्याचे व शिजवण्याचे धडे देत. इ.स. १९२१ मध्ये एका पीठ कंपनीने ग्राहकांच्या स्वयंपाकविषयक पत्रांना उत्तरे देण्यासाठी 'बेटी क्रॉकर' हे काल्पनिक नाव योजले. इ.स. १९२६ पासून कृषी विभागाच्या नभोवाणी कार्यक्रमात 'आंट सॅमी' ही अशीच काल्पनिक गृहिणी श्रोत्यांना पाककृती सांगू लागली.

टर्की टॉक-लाइन इ.स. १९८१ मध्ये सहा गृहविज्ञानतज्ज्ञांनिशी सुरू झाली. पहिल्या हंगामात तिने सुमारे ११,००० दूरध्वनींना उत्तरे दिली. ही सेवा नोव्हेंबर व डिसेंबर या दोन महिन्यांत चालते. पुढे तज्ज्ञांची संख्या पन्नासच्या घरात गेली आणि कंपनीच्या सांगण्यानुसार हंगामातील प्रश्नांची संख्या एक लाखावर पोहोचली. दीर्घकाळ केवळ स्त्रिया असलेल्या या चमूत इ.स. २०१३ मध्ये प्रथमच पुरुष सल्लागाराची नेमणूक झाली. दूरध्वनीबरोबरच ईमेल व लघुसंदेश यांद्वारेही नंतर उत्तरे दिली जाऊ लागली.

कृषी विभागाची हॉटलाइन कोणत्याही उत्पादनाशी बांधलेली नसून तिचा भर अन्नसुरक्षेवर आहे. पाय व पाव यांच्याविषयीच्या शंकांसाठी व्हरमाँट राज्यातील किंग आर्थर बेकिंग कंपनीचीही हेल्पलाइन आहे.

सल्ल्याचे प्रमुख विषय

सल्लागाराला समोरचा पक्षी दिसत नाही. म्हणून वजन, फ्रीजरमधून बाहेर काढल्याची वेळ, ओव्हनचे तापमान आणि तापमापीवरील आकडा यांवरच उत्तर अवलंबून असते. खालील नियम कृषी विभागाच्या मार्गदर्शनानुसार आहेत.

बर्फ वितळवणे: शीतकपाटात दर ४ ते ५ पौंडांस (सुमारे २ किलोग्रॅम) २४ तास लागतात. १६ पौंडांचा पक्षी गुरुवारी भाजावयाचा असल्यास तो उशिरात उशिरा रविवारी शीतकपाटात ठेवावा लागतो. उशीर झाल्यास पक्षी गळती नसलेल्या पिशवीत बंद करून थंड पाण्यात बुडवून ठेवतात. त्यास दर पौंडामागे ३० मिनिटे लागतात. पाणी दर ३० मिनिटांनी बदलावे लागते आणि पक्षी लगेच शिजवावा लागतो. तेवढाही अवधी नसेल तर गोठलेला पक्षी तसाच ओव्हनमध्ये भाजता येतो, मात्र वेळ किमान दीडपट लागतो.

बाहेर राहिलेला पक्षी: पक्षी रात्रभर ओट्यावर राहिला असल्यास तो टाकून द्यावा लागतो. आतून तो गोठलेला असला तरी बाहेरचा भाग ४ ते ६० अंश सेल्सियस या धोक्याच्या पट्ट्यात आलेला असतो आणि तेथे जिवाणू वेगाने वाढतात. काही जिवाणूंनी निर्माण केलेले विष शिजवूनही नष्ट होत नाही. सणाच्या सकाळी हे उत्तर ऐकणे जड जाते, परंतु लहान मुले, गर्भवती व वृद्ध पंगतीस असताना त्यास पर्याय नसतो.

धुणे: कच्चा पक्षी धुऊ नये. त्यामुळे जिवाणू जात नाहीत. उलट उडालेल्या पाण्याबरोबर ते मोरीत, भांड्यांवर आणि कापलेल्या भाज्यांवर पसरतात.

शिजल्याची खूण: त्वचेचा तांबूस रंग हा पुरावा नव्हे. मांडीचा व पंखाचा सर्वांत आतला भाग आणि छातीचा सर्वांत जाड भाग या तिन्ही ठिकाणी तापमान ७४ अंश सेल्सियस (१६५ अंश फॅरनहाइट) भरले पाहिजे. तापमापीचे टोक हाडास लागू देऊ नये. ओव्हनचे तापमान १६३ अंश सेल्सियसपेक्षा कमी नसावे.

सारण: पक्ष्याच्या पोटात भरलेल्या सारणाचेही तापमान ७४ अंश व्हावे लागते. ते वेगळ्या भांड्यात भाजणे अधिक सुरक्षित असते.

विसरलेली पुडी: पोटातील मान, यकृत इत्यादींची पुडी काढण्यास विसरणे ही नवख्यांची परिचित चूक आहे. पुडी कागदाची असल्यास सहसा बिघडत नाही. प्लास्टिक वितळले असल्यास मात्र पक्षी खाऊ नये.

उरलेले अन्न: ते दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत काढून शीतकपाटात ठेवावे व तीन-चार दिवसांत संपवावे.

तळण्याचा धोका

अखंड टर्की तेलात तळण्याची पद्धत दक्षिणेकडील राज्यांतून अन्यत्र पसरली. बर्फ राहिलेला पक्षी उकळत्या तेलात सोडल्यास पाण्याची क्षणार्धात वाफ होते, तेल उसळून ज्योतीवर पडते आणि भडका उडतो. अमेरिकेत घरगुती स्वयंपाकामुळे सर्वाधिक आगी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लागतात, असे तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेची आकडेवारी दर्शवते. तेलात टर्की तळण्याची उपकरणे घरी वापरू नयेत, असे या संघटनेचे मत आहे.

लोकप्रिय संस्कृतीत

'द वेस्ट विंग' या दूरचित्रवाणी मालिकेच्या इ.स. २००१ मधील 'द इंडियन्स इन द लॉबी' या भागात राष्ट्राध्यक्ष बार्टलेट खोटे नाव सांगून बटरबॉलच्या हेल्पलाइनला दूरध्वनी करतात आणि टर्कीत सारण भरून शिजवणे सुरक्षित आहे काय, असे विचारतात.

हे सुद्धा पाहा

थँक्सगिव्हिंग
टर्की (पक्षी)
अन्नविषबाधा
गृहविज्ञान